पुण्यात ॲक्सोलॉटल पाळायचाय? आधी चिलरचं बघा

ॲक्सोलॉटल म्हणजे मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांमधला सॅलमँडर (बेडकासारखाच उभयचर, पण शेपटीवाला), जन्मभर पाण्यातच राहतो. दिसतो गोड, पण त्याला पाणी लागतं १६ ते १८ डिग्री, २० पर्यंत चालवून घेतो, २४ च्या वर गेलं की खाणं सोडतो आणि अंगावर फंगस धरायला लागतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो, म्हणजे आधी चिलर (टँकचं पाणी थंड ठेवणारं मशीन) घ्यायचा, प्राणी नंतर. टँकवर पंखा लावला की पाणी दोन-तीन डिग्री उतरतं, पण ते कोरड्या उन्हाळ्यात, जुलैत हवेतच इतका ओलावा असतो की पंखा नुसता फिरत राहतो. बर्फाच्या बाटल्या लाइट गेली तर ठीक, रोज नको, त्याने तापमान सारखं वर-खाली होतं. चिलरचं बजेट नसेल तर सरळ गोल्डफिश पाळा, खरंच.

टँक एकासाठी निदान ७५ लिटरचा, उंच नको, लांब हवा. खाली खडे अजिबात टाकू नका, तो तोंडाने सगळं ओढून घेतो आणि खडा पोटात अडकतो. बारीक वाळू नाहीतर तळ मोकळा. फिल्टरचा फ्लो हळू ठेवा. प्राणी आणायच्या आधी महिना-दीड महिना टँक सायकल करा, म्हणजे घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढू द्या, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसलं पाहिजे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते काढायचं औषध घालूनच पाणी भरा, आणि गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा एक ड्रम आधीच भरलेला बरा.

खायला गांडूळ सगळ्यात भारी. फक्त गांडूळखतवाल्यांकडची लाल गांडुळं कडू लागतात, बरेच ॲक्सोलॉटल थुंकून टाकतात, मातीतली मोठी शोधा, पण फवारणी झालेल्या शेतातली नकोत. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, पिल्लांना रोज. पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांचे पाय चावतात, पाय परत उगवतात हा भाग वेगळा. हातात घेऊन फोटो वगैरे नाही हां, कातडी फार नाजूक असते.

हा प्राणी सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, त्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, विक्रेत्याकडून कागद घ्या. आणि दार्जिलिंगकडचा हिमालयन सॅलमँडर कोणी देतो म्हणाला तर नको म्हणा, तो वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.