घाटावरून गुहागरात येताय? मग आधी खासदार कोण ते बघा

बदलीची ऑर्डर घेऊन चिपळूण स्टँडवर उतरलेला घाटावरचा माणूस मला लांबून ओळखू येतो. छत्री नाजूक असते आणि बॅगेवर प्लास्टिक नसतं. मीही २००६ मध्ये असाच आटपाडीहून शाळेवर रुजू झालो. पावसाबद्दल आणि माशांबद्दल इथं कुणीही सांगेल, म्हणून ते सोडतो.

मतदारयादीतलं नाव इकडं आणा, फॉर्म ८ भरा. आपली माणसं वीस-वीस वर्षं इथं राहतात, मतदानाला गावी पळतात आणि परत येऊन इथल्या खड्ड्यांना शिव्या घालतात. मला हे पटत नाही.

नाव आणलंत की पुढचा घोळ. गुहागर तालुका रत्नागिरी जिल्ह्यात, पण लोकसभेला रायगड मतदारसंघात. दापोली-मंडणगडचंही तेच. चिपळूण शहर मात्र रत्नागिरी-सिंधुदुर्गात. जिल्हा बघून खासदार धरला तर माझ्यासारखा अर्ज घेऊन भलत्याच कार्यालयात बसाल आणि सुट्टी वाया जाईल.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात, राज्यसभेत १९. हे १९ आपण निवडत नाही, आमदार निवडतात, सहा वर्षांसाठी. राज्यसभा कधी बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यांना ‘मागच्या दाराचे’ म्हणायची फॅशन आहे. पण बाबासाहेब आंबेडकर १९५२ मध्ये लोकसभेला मुंबईत हरले आणि राज्यसभेतूनच संसदेत गेले. त्यांचं मूळ गाव आंबडवे इथलंच, मंडणगड तालुक्यातलं. शिवाय राज्यसभेच्या खासदाराला वर्षाचा पाच कोटींचा निधी आपल्या राज्यात कुठंही सुचवता येतो, हे शाळेच्या खोलीसाठी धडपडताना उपयोगी पडतं. पैसे त्यांच्या खिशात नसतात. ते शिफारस करतात, काम जिल्हा प्रशासन करून घेतं. म्हणून पैसे मागू नका, शिफारसपत्र मागा.

मासेमारीच्या भांडणात मध्ये पडू नका. पडलातच तर एवढं ठेवा ध्यानात: किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापुढं केंद्र. नाखवा कुठल्या पाण्याबद्दल बोलतोय ते आधी विचारा, मग आमदार की खासदार ते ठरवा.

आता जमीन. हे दोनदा वाचा.

२०१२ मध्ये मला सात गुंठ्यांचा प्लॉट दाखवला, भरतीरेषेपासून जेमतेम १२० मीटर. एजंट म्हणाला, “गुरुजी, दिल्लीत बिल मांडलंय. हे अधिवेशन होऊ दे, सीआरझेड सुटला समजा.” सीआरझेड म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या पट्ट्यातल्या बांधकामावरची बंधनं. मी दीड लाख इसार दिला. तेव्हा २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे गावठाणाबाहेर २०० मीटरच्या आत नवं घर बांधता येत नव्हतं, हे तालुक्यातला कुठलाही कारकून सांगू शकला असता. मी विचारलंच नाही. ‘बिल’ या शब्दावर मी भाळलो.

बिल मांडणं म्हणजे नुसता उंबरा ओलांडणं. मग बऱ्याचदा ते समितीकडं जातं, एकेका कलमावर चर्चा होते, मतदान होतं, दुसऱ्या सभागृहात पुन्हा तेच, शेवटी राष्ट्रपतींची सही. मध्येच लोकसभा बरखास्त झाली तर तिथं अडकलेलं बिल जातं. त्यात मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेलं असेल तर ते खासगी विधेयक, शुक्रवारी दुपारी चर्चेला येणारं. स्वातंत्र्यापासून अशी १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. आपल्या राजापूरचे खासदार नाथ पै यांच्यासारख्या वक्त्याचं घटनादुरुस्तीचं विधेयकसुद्धा संयुक्त समितीपर्यंत गेलं, पण मंजूर झालं नाही. तिथं माझा एजंट कोण लागून गेला?

आणि खरी चपराक पुढंच आहे. सीआरझेडला बिल लागतच नाही. संसदेनं १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा केला आणि नियम काढायचा अधिकार सरकारला देऊन टाकला. केंद्राचं पर्यावरण मंत्रालय अधिसूचना काढतं, संसदेत त्यावर मतदान होत नाही. २०१९ ची नवी अधिसूचनाही अशीच आली. तिच्यात चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट वस्ती असेल तिथं ५० मीटर, विरळ वस्तीला २०० तसेच. आमची वाडी विरळ.

करारातली मुदत संपली, इसार बुडाला. म्हणून सांगतो, बिलाच्या बातमीवर पैसे देऊ नका. कुणी ‘बिल आलंय’ म्हटलं की नंबर मागा, कुणी मांडलं ते विचारा आणि संसदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. आपल्यातले काही जण ‘माझी ओळख आहे दिल्लीत’ म्हणतील. त्यांना तर अजिबातच देऊ नका.

त्या प्लॉटवर आता केवडा माजलाय. गेल्या महिन्यात तोच एजंट जतहून आलेल्या एका तलाठ्याला तिथं पावलं मोजून दाखवत होता. मी गाडी थांबवली आणि तलाठ्याला चहाला घरी घेऊन आलो.