डाएट चालू असताना टेन्शनमध्ये होणारं खाणं कसं आवरायचं

सकाळी पोहे मोजून, दुपारी दोन फुलके आणि भाजी, आणि संध्याकाळी ऑफिसमधून घरी आलं की उभ्याउभ्याच फरसाणाच्या डब्यात हात जातो, असं खूप जणांचं होतं आणि मग रात्रभर स्वतःला दोष देत बसतात. दोष देऊ नका. टेन्शन बरेच दिवस राहिलं की शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं, त्याने गोड-तळलेलं खावंसं वाटतं, त्यात पोट दिवसभर अर्धवट ठेवलेलं. म्हणून संध्याकाळचा तो एक तास आधीच सांभाळायचा.

१. सुरुवात दुपारीच करा. जेवण टाळायचं नाही, त्यात डाळ, उसळ, दही, अंडं असं काहीतरी प्रोटीनवालं हवंच. चार-पाचच्या सुमारास मूठभर फुटाणे आणि ताक घ्या. मला तर ही स्टेप सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण उपाशी माणसाला बाकीचे उपाय सुचतच नाहीत.

२. घरी आल्यावर थेट किचनमध्ये जाऊ नका. हातपाय धुवा, कपडे बदला आणि पाच मिनिटं शांत बसा, चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात.

३. आता स्वतःला विचारा, समोर भाकरी आणि मुगाची उसळ आली तर खाईन का? हो असेल तर खरी भूक आहे, सरळ जेवून घ्या, सातला जेवलात तरी काही बिघडत नाही. पण फक्त चकलीच हवी असेल तर डोक्यात काहीतरी चाललंय, साहेबांचं बोलणं, कर्जाचा हप्ता, पोराची दहावी, जे असेल ते कागदावर एका ओळीत लिहा आणि मग गच्चीत फेऱ्या मारा किंवा बहिणीला फोन लावा. बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांत ती ओढ कमी होते.

४. नाहीच झाली तर खा की! वाटीत काढून घ्या, डबा लावून टाका, मोबाइल बाजूला ठेवून बसून चवीने खा.

जास्त खाल्लं गेलं म्हणून दुसऱ्या दिवशी उपास मात्र नको, त्याने संध्याकाळी पुन्हा तेच होतं. आणि रात्री सात तास तरी झोपा, झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं.

डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला. आणि वारंवार ताबा सुटून खाणं, लपून खाणं, खाऊन उलटी काढणं असं होत असेल तर हे घरगुती उपाय पुरे पडणार नाहीत, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, नाहीतर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, 2022 पासून ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.