कर्जाचा हप्ता ओटीवर (ओव्हरटाइमवर) बसवू नका

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे हजेरीवर लागलेल्या नव्या पोरापोरींसाठी लिहितोय. उधळपट्टी करू नका, चार पैसे बाजूला टाका, हे घरून निघतानाच तुम्हाला सांगून झालेलं असतं. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, कारण तिचे हप्ते अजून फेडतोय. ती म्हणजे ओटीच्या पगारावर घेतलेलं कर्ज.

हिशेब नीट बघा. ताशी 70 रुपये धरले तर आठ तासांची हजेरी 560 ची, 26 हजेऱ्यांचे 14,560. त्यातून 12 टक्के पीएफ, 0.75 टक्के ईएसआयसी (कामगार विमा) आणि पोरांचा 200 रुपये व्यवसाय कर गेला की हातात साडेबारा हजार. दिवाळीआधी ऑर्डर जोरात असते, 40 तास ओटी सहज होते. कायद्याने ओटी दुप्पट दराची, म्हणजे वर 5,600. (बरेच ठेकेदार सिंगलनेच देतात, पगारपावती तपासत जा.) खात्यावर अठरा हजार दिसतात. गाडीचा फायनान्सवाला नेमकं त्याच महिन्यांचं स्टेटमेंट बघतो आणि 3,200 चा हप्ता बसवून देतो. अठरातून 3,200 जड वाटत नाहीत.

दिवाळी होते, ओटी बंद. कंपनीचा शटडाउन, मध्येच दोन दिवस ताप. हजेऱ्या भरतात 22. हातात साडेदहा हजार. खोलीचा वाटा 2,000, मेस 3,000, गावी 4,000. उरले दीड हजार आणि हप्ता 3,200 चा. तो बाऊन्स झाला की बँक वेगळा दंड लावते, फायनान्सवाला वेगळा, सिबिल (कर्जफेडीचे गुण) खाली येतं ते निराळंच. आणि ठेकेदाराने ब्रेक दिला, म्हणजे काही दिवस कामावरून बसवलं, तर? तो महिना कुणीच हिशेबात धरत नाही. मीही धरला नव्हता.

म्हणून हप्ता ठरवताना 22 हजेऱ्यांचा पगार घ्या, ओटी शून्य धरा. त्यातून खोली, मेस, गाव वजा करा. उरेल त्याच्या निम्म्याच्या वर हप्ता नको. हप्ता बसत नसेल तर सिटीलिंक बसचा पास काढा, गाडी पुढच्या वर्षी घ्या. ओटीचे पैसे पोस्टातल्या किंवा दुसऱ्या बँकेतल्या खात्यात टाका आणि त्या खात्याला यूपीआय जोडूच नका. एका वाईट महिन्याचा खर्च जमला की झोप लागते, हे मी खात्रीने सांगतो.

खड्डा पडला की माणूस मोबाइलवरच्या लोन ॲपकडे वळतो. तिथे अजिबात जाऊ नका. 5,000 मंजूर म्हणतात, फी कापून 3,600 हातात देतात आणि सात दिवसांत 5,000 मागतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्जाआधी एकूण वार्षिक खर्चाचा दर लिहून द्यावाच लागतो. तो कागद न देणाऱ्याकडून एक रुपयाही घेऊ नका. ठेकेदाराची उचलही मला आवडत नाही. बिनव्याजी असली तरी मग ओटीचा दर विचारायला तोंड उघडत नाही. भिशी चालेल, पण एकाच लाइनवरच्या माणसांची. आणि रीलवाल्यांचे सल्ले सोडा, त्यांचा पगार हजेरीवर नसतो. लाइनवरच्या ज्या काकांनी बिनकर्जाचं घर चालवलंय, त्यांच्याशेजारी बसून डबा खा.

आजारपणाला मात्र घाबरू नका. सातपूरचं ईएसआयसी हॉस्पिटल फक्त गोळ्यांसाठी नाही. ठरलेल्या सहा महिन्यांत 78 दिवसांचा वाटा भरलेला असेल तर आजारी रजेचे 70 टक्के पैसे मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. डॉक्टरचा दाखला घ्यावा लागतो. आमच्या खोलीतल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं, सगळे खाजगीत पैसे घालवत होते.

हप्ता आधीच अंगावर असेल, तरीही मार्ग आहे. वसुलीवाल्याला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला परवानगी नाही, धमकी द्यायला तर कधीच नाही. फोन बंद करून बसू नका. तारखेच्या आधी शाखेत जा, मुदत वाढवून हप्ता कमी करायचा लेखी अर्ज द्या. 'बघू' म्हणाले तर उठू नका, अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घेऊनच बाहेर पडा.