वाहतूक तंत्रज्ञानात यायचंय? आधी चौकात उभे राहा

सिव्हिल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन वाहतूक तंत्रज्ञानात, म्हणजे आयटीएसमध्ये (इंटेलिजंट ट्रान्सपोर्ट सिस्टिम्स), येऊ पाहणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं सॉफ्टवेअर शिकू? मी त्यांना आधी चौकात उभं राहायला सांगते. सकाळी नऊ ते अकरा, हातात पॅड, पेन आणि स्टॉपवॉच. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मलाही हेच करायला लावलं होतं. आठ दिवस मी गाड्या मोजत नुसत्या रेघा ओढल्या: चार उभ्या, पाचवी आडवी. सिग्नलचं मला आज जे काही कळतं, त्याचा पाया त्याच कागदांत आहे.

मोजलेल्या गाड्यांचे पीसीयू करायचे, म्हणजे दुचाकी, रिक्षा, बस सगळं कारच्या मापात आणायचं. मग सिग्नलची फेरी किती सेकंदांची ठेवायची ते सांगणारं वेबस्टरचं सूत्र. ब्रिटनमध्ये १९५८ साली मांडलेलं हे सूत्र आजही पहिल्याच महिन्यात हाताशी लागतं. एका फेरीत १२ सेकंद वाया जात असतील आणि चौकावरचा भार (म्हणजे क्षमतेच्या तुलनेत येणारी वाहतूक) ०.७ असेल, तर सिग्नलची पूर्ण फेरी ७७ सेकंदांची येते. भार ०.८५ झाला की तीच फेरी १५३ सेकंदांवर जाते. हे गणित एकदा स्वतः करून बघा. भरलेल्या चौकात सिग्नल कितीही हुशार बसवला तरी तो रस्ता रुंद करू शकत नाही. तिथे कोपऱ्यावरचं पार्किंग हलवावं लागतं, बसथांबा पुढे न्यावा लागतो, कधी उजवं वळण बंद करावं लागतं.

माझी पहिली मोठी चूक पादचाऱ्यांच्या वेळेत झाली. रस्ता २१ मीटरचा. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायचा, असं पुस्तकात शिकलेलं. मी १८ सेकंद दिले. स्क्रीनवर रांगा कमी झाल्या, मी खूश. संध्याकाळी चौकात गेले तर दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एक आजी शेवटच्या लेनमध्ये होत्या आणि गाड्यांचा सिग्नल हिरवा झाला. बसने हॉर्न दिला. आजी जागच्या जागी थांबल्या, पिशवीतून मेथीची जुडी खाली पडली. दुसऱ्या दिवशी मी तिथेच बसून वयस्कर माणसांच्या वेळा घेतल्या. बऱ्याच जणांना २७ सेकंद लागत होते. आम्ही वेळ वाढवली, त्यामुळे गाड्यांची रांग थोडी लांबली. ती लांबू द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

आता कॅमेऱ्याचं. गाड्या ओळखण्यासाठी स्क्रीनवर थांबारेषेच्या मागे एक चौकट आखतात. आपल्याकडे दुचाकीवाले रेषा ओलांडून झेब्रावर उभे राहतात, म्हणजे चौकटीच्या बाहेर. वीस दुचाक्या उभ्या असतात आणि यंत्रणेच्या लेखी रस्ता रिकामा! पावसाळ्यात ओल्या डांबरावर हेडलाइटचा उजेड पडला की उलटं होतं, नसलेल्या गाड्या मोजल्या जातात. चौकट कुठे आखायची हे ऑफिसात बसून कळत नाही.

कोंडी आणि सुरक्षा ही दोन वेगळी कामं आहेत असं समजू नका. दोन सिग्नल ४०० मीटरवर असतील आणि दुसरा ३६ सेकंदांनी हिरवा होत असेल, तर ताशी ४०ने येणाऱ्याला थांबावंच लागत नाही. ६०ने येणाऱ्याला मात्र लाल दिवा भेटतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदलेले आहेत. हा आकडा मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

नागपूरचा आयरास्ते प्रकल्प जरूर अभ्यासा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या कामात शहर बसमध्ये चालकाला धोक्याची सूचना देणारे कॅमेरे बसवले. अशा सूचना वारंवार जिथे येतात, ती जागा अपघात होण्याआधीच हेरता येते. त्याला ग्रे स्पॉट म्हणतात. राष्ट्रीय महामार्गावर ब्लॅक स्पॉट ठरायला ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. तोवर वाट का पाहायची?

शिक्षणाचं थोडक्यात: गेट ही प्रवेश परीक्षा देऊन वाहतूक अभियांत्रिकीत एम.टेक. करता येतं, आयआयटी मुंबई आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत हे विषय आहेत. सुमो हे वाहतुकीच्या सिम्युलेशनचं आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. थोडं पायथन हवं. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) सिग्नलवरची ९३ आणि शहरी रस्त्यांच्या क्षमतेवरची १०६ या क्रमांकांच्या संहिता मात्र मुळातून वाचा.

आणि काम मिळालं की चौकातल्या हवालदारांशी बोला. आमचे एक हवालदार रोज दुपारी सिग्नल मॅन्युअलवर टाकायचे. कंट्रोल रूममध्ये त्यावर कुरकुर व्हायची. मी विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, साडेबाराला शाळा सुटते. रिक्षा आणि व्हॅन इथंच लागतात. तुमच्या कॅमेऱ्याला ते कुठं ठाऊक?" आम्ही १२.२० ते १ साठी वेगळी वेळ भरली. आता त्या वेळेत ते सिग्नलच्या पेटीकडे जात नाहीत. शाळेच्या फाटकाशी उभे राहून पोरांना रस्ता ओलांडून देतात.