वजन कमी करायचंय? आधी तेलाच्या डब्यावर तारीख टाका

डाएट प्लॅन, जिम वगैरे नंतर बघू, पहिलं काम एवढंच करा की तेलाचा नवीन डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख लिहा आणि संपला की दिवस मोजा. चार माणसांच्या घरात 5 लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज साधारण 38 ग्रॅम तेल पोटात जातंय, म्हणजे जवळपास 340 कॅलरी, आणि यात बाहेरचा वडापाव धरलेलाच नाही हां! फोडणीला बाटली तिरकी करून ओतायची सवय सोडा, चमचा वापरा. तोच डबा 40 दिवस पुरला तरी कोणाला उपाशी न ठेवता माणशी रोज 80-85 कॅलरी कमी होतात.

वजन मात्र रोज बघून डोकं खराब करून घेऊ नका, आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झाले की मिठामुळे अंगात पाणी धरतं आणि सकाळी काटा किलोभर वर दिसतो, ती चरबी नसते. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर, बास. आणि चार महिने तरी द्या, लग्नाच्या तारखेआधी पंधरा दिवसांत काही होत नाही.