सराउंड ॲम्प्लिफायरला सबवूफर कसा जोडावा

जोडणीआधी सबवूफरची, म्हणजे फक्त खर्जाचे (खालच्या पट्टीचे) आवाज काढणाऱ्या स्पीकरची, मागची बाजू पाहावी. तिथे विजेची वायर, आवाजाचे बटण आणि आरसीए सॉकेट (ऑडिओ केबलची गोल खोबण) असेल, तर तो ‘ॲक्टिव्ह’, म्हणजे स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला सबवूफर होय. ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांसाठीच्या) ॲम्प्लिफायरच्या ‘सबवूफर प्री-आउट’ सॉकेटमधून फक्त क्षीण सिग्नल बाहेर पडतो, त्यामुळे नुसत्या स्पीकर वायरचा ‘पॅसिव्ह’ सबवूफर त्यावर वाजत नाही, त्याला मध्ये वेगळा ॲम्प्लिफायर लावावाच लागतो.

दोन्ही उपकरणे बंद करून शिल्डेड आरसीए केबलचे एक टोक प्री-आउटमध्ये आणि दुसरे सबवूफरच्या ‘एलएफई’ (चित्रपटातील खास खर्जाच्या आवाजांचा मार्ग) सॉकेटमध्ये घट्ट बसवावे. एलएफई नसेल आणि डावे-उजवे असे दोन ‘लाइन इन’ असतील, तर पुस्तिकेत मोनोसाठी सांगितलेले सॉकेट वापरावे. महागड्या केबलची गरज नाही. पुरेशी लांब आणि विजेच्या वायरींपासून दूर नेता येईल अशी केबल मात्र हवी.

जोडणी इथे संपते. पण माझ्या पाहण्यात सर्वाधिक गोंधळ होतो तो यानंतर, कारण खर्जाचा भाग वेगळा करण्याचे काम ॲम्प्लिफायर आणि सबवूफर अशा दोघांकडेही सोपवले जाते. ॲम्प्लिफायरने ८० हर्ट्झखालचा आवाज आधीच वेगळा करून पाठवलेला असताना सबवूफरवरचे क्रॉसओव्हरचे (खर्ज कुठून वेगळा करायचा ते ठरवणारे) बटणही ८० वर ठेवले, तर त्याच आवाजावर दोनदा कात्री चालते आणि ८०च्या आसपासचे स्वर दुबळे पडतात. म्हणून सबवूफरवरचे हे बटण सर्वांत वरच्या आकड्यावर किंवा ‘बायपास’वर ठेवावे आणि सगळी विभागणी ॲम्प्लिफायरकडेच राहू द्यावी. त्याच्या मेनूत सबवूफर ‘येस’, बाकीचे स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ आणि एलएफईचा लो-पास (ज्याच्या वरचे स्वर गाळले जातात ती मर्यादा) १२० हर्ट्झ ही सुरुवात बहुतेक घरांत योग्य ठरते. इथे ‘स्मॉल’चा संबंध स्पीकरच्या आकाराशी नसून, त्याचा खर्ज सबवूफरकडे वळवायचा एवढाच त्याचा अर्थ आहे, मोठे स्पीकर असलेल्यांनीही हा शब्द मनाला लावून घेऊ नये.

सबवूफरचा आवाज निम्म्यावर ठेवून ॲम्प्लिफायरची मायक्रोफोनने होणारी स्वयंचलित चाचणी घ्यावी. नंतर मेनूत सबवूफरची पातळी उणे १२ डेसिबलच्या टोकाला गेलेली दिसली, तर मागचे बटण कमी करून चाचणी पुन्हा घ्यावी. चाचणीत मोजलेले सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसले तरी ते बदलू नये. सबवूफरमधील सर्किटमुळे आवाजाला होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

जागेची निवडही महत्त्वाची आहे. १२ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर समोरासमोरच्या भिंतींपाशी घुमतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. यावर जुना पण खात्रीचा उपाय असा, की सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवून खर्जाचे गाणे लावावे आणि भिंतीकडेने, कान जमिनीजवळ नेत, फिरावे. जिथे प्रत्येक स्वर सारख्या ताकदीने आणि स्पष्ट ऐकू येईल, तिथे तो कायमचा ठेवावा.

सतत घरघर येत असेल, तर सेट-टॉप बॉक्सची अँटेना केबल क्षणभर काढून पाहावी. घरघर थांबली तर दोष अर्थिंगच्या वळशाचा (‘ग्राउंड लूप’, म्हणजे उपकरणे एकाहून अधिक मार्गांनी अर्थिंगला जोडली जाण्याचा) असून त्या केबलवर हा वळसा तोडणारा ग्राउंड आयसोलेटर बसवावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये, तिथे प्रश्न आवाजाचा नसून जिवाचा आहे.