ओसरीतला उजेड आणि आजीचा चेहरा: पोर्ट्रेट काढायला शिकताना

घरातले वडीलधारे माणूस गेले की भिंतीवर लावायच्या फोटोची शोधाशोध सुरू होते आणि शेवटी कुठल्या तरी लग्नाच्या घोळक्यातून चेहरा कापून तो मोठा केला जातो. आमच्या आजोबांच्या हार घातलेल्या फोटोत त्यांच्या खांद्यावर एका अनोळखी वऱ्हाड्याची बोटे आजही दिसतात. म्हणून शिकणाऱ्याने पहिले पोर्ट्रेट, म्हणजे एकट्या माणसाच्या चेहऱ्याचा फोटो, घरातल्याच म्हाताऱ्या माणसाचे काढावे. त्यासाठी साधा मोबाइल आणि घराची ओसरी पुरेशी आहे.

सर्वप्रथम जागा ठरवावी, कारण जागा म्हणजेच उजेड. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरच्या आसपास भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. त्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर पडते, टोपी असेल तर अर्धा चेहराच नाहीसा होतो. सकाळ-सायंकाळचे तिरपे ऊन मऊ असते, पण डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि माणसे शेतातून परतेपर्यंत उजेड गेलेला असतो. ओसरीत मात्र दिवसाचा बराच वेळ काम करता येते. आजीला सावलीच्या कडेपासून एक-दोन फूट आत, अंगणाकडे तोंड करून बसवावे. समोरच्या मोकळ्या आभाळाचा पसरट उजेड चेहऱ्यावर येतो आणि उन्हातले अंगण खालूनही थोडा उजेड परत फेकते. मग चेहरा हळूहळू एका बाजूला वळवायला सांगावा. दुसऱ्या गालावर हलकी सावली आली, पण दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका कायम राहिला, की थांबावे. सावलीची बाजू फारच काळी वाटली तर तिकडे कुणाला तरी पांढरे धोतर किंवा चादर ताणून धरायला सांगावे. हिरव्या शेडनेटखाली किंवा निळ्या ताडपत्रीखाली फोटो काढू नये. तो रंग चेहऱ्यावर उतरतो आणि नंतर सहजासहजी काढता येत नाही.

आता अंतर. मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असल्यामुळे दोन फुटांवरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. पाच-सहा फूट मागे सरकावे आणि दोन पट झूम वापरावे. कॅमेरा असेल तर ५० मिमीची लेन्स, एफ २.८ च्या आसपासचे छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) आणि १/१२५ सेकंद किंवा त्याहून जलद शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) ठेवावे. आजी बाजेवर बसली असेल तर आपणही तेवढ्याच उंचीवर बसावे, म्हणजे कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. उभ्याने काढलेल्या फोटोत माणूस उगाच लहान वाटतो.

मोबाइल सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड मोजतो. त्यामुळे पांढरे धोतर आणि टोपी चौकटीत जास्त आली की सावळा चेहरा आणखी काळा पडतो, तर मागे अंधारे दार असले की तोच चेहरा पांढुरका होतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरावे, फोकस पक्का करावा आणि पडद्यावरची उजेडाची पट्टी हाताने कमी-जास्त करावी.

बसण्याची ढब ही सर्वांत अवघड बाब. आपल्याकडे फोटो म्हटले की माणूस सावधान होतो, कारण त्याने आजवर फोटो काढला तो बहुधा कुठल्या तरी ओळखपत्रासाठीच. ‘हसा’ म्हटल्याने काही साधत नाही. त्याऐवजी हाताला काम द्यावे: आजीला वाती वळू द्याव्यात, तूर निवडू द्यावी, आजोबांना अडकित्त्याने सुपारी कातरू द्यावी. हात गुंतले की खांदे आपोआप सैल होतात. खांदे किंचित तिरपे आणि हनुवटी जराशी पुढे व खाली असावी, एवढे सांगणे पुरे. डोक्यावरचा पदर आजीला स्वतःलाच नीट करू द्यावा; त्याची सावली डोळ्यांवर येत असेल तर पदराला हात न लावता तिला उजेडाकडे थोडे आणखी वळवावे. ‘झाले’ म्हटल्यावर ती जो श्वास सोडते, त्या क्षणासाठी बोट तयार ठेवावे. माझे बरे फोटो बहुतेक तेव्हाचेच आहेत.

चौकट बांधताना डोळे चौकटीच्या वरच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर ठेवावेत आणि मनगट, कोपर किंवा गुडघा नेमका सांध्यावर कापू नये. डोक्यातून ओसरीचा खांब उगवलेला दिसत नाही ना, हे पाहून घ्यावे. भिंतीपासून माणूस पाच-सहा फूट पुढे असला की मागचे काहीसे पुसट होते. रंगीत प्लास्टिकची बादली उचलावी. कापसाचे गाठोडे मात्र राहू द्यावे.

८ × १० इंचांच्या चांगल्या प्रतीसाठी सुमारे २४०० × ३००० पिक्सेल लागतात. म्हणून स्टुडिओत व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर वाटेतच त्याचा आकार कमी होतो.